शुभप्रसंगाच्या भातावर काळे तीळ

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. ती नवऱ्याबरोबर तोक्योच्या एदोगावा भागात राहते. अडीच महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली. बाळंतपणाला आई आली होती. ती परतली आणि कोल्हापूरकडून सासूबाई आल्या. त्या आल्या त्याच आठवड्यात शेजारच्या जपानी आजींनी लाखेच्या डब्यातून लालसर भात आणून दिला, सोबत काळे तीळ आणि मीठ यांची छोटी पुडी. बाळाच्या आनंदाचा भात आहे, वर हे भुरभुरून खा, असं त्यांनी सांगितलं. सासूबाईंनी पुडी पाहिली आणि डबा बाजूला सारला. ‘बाळाच्या नावाने काळे तीळ? हे घरात नको.’ दुसऱ्या दिवशी भात टाकून द्यावा लागला. आजींनी विचारलं तेव्हा मैत्रीण म्हणाली, ‘फार छान झाला होता.’ आता आजी बाळाच्या शंभराव्या दिवशी पहिल्या घासाचं ताट स्वतः करून आणणार आहेत आणि त्यात तोच भात, तेच तीळ-मीठ असणार. नवऱ्याचं म्हणणं, आईची अंधश्रद्धा आहे, लक्ष देऊ नकोस. उलट हे तीळ-मीठ रक्तदाबाला चांगलं, आईनेच खायला हवं. सासूबाई गप्प गप्प असतात. धुतलेला रिकामा डबा अजून ओट्यावर पडून आहे. सासूबाईंचं मन राखू की शेजारधर्म पाळू, असं मैत्रीण विचारते. पत्रात मध्येच एक ओळ येऊन गेली आहे: सासरे जाऊन दीड वर्ष झालं.

ताई,

आधी त्या पुडीबद्दल बोलू, कारण तुमच्या घरात तिच्यावरून एवढं झालं, पण ती उघडून कुणी चाखलेली दिसत नाही. तिला गोमाशिओ म्हणतात. भाजलेले तीळ आणि मीठ, एवढंच. आपल्याकडे तिळाची चटणी म्हटली की लसूण आणि लाल तिखट आलंच. इथे तसलं काही नसतं. जपानी घरांत ती दोन तऱ्हांनी करतात. एक, सुरिबाचीत भरडून. सुरिबाची म्हणजे आतून बारीक खाचा असलेलं मातीचं खोलगट भांडं. लाकडी दांडा हलक्या हाताने गोल फिरवायचा, म्हणजे तीळ त्या खाचांवर फुटतात, पण पीठ होत नाही. दुसरी तऱ्हा अख्ख्या काळ्या तिळांची. आजींची पुडी याच जातीची.

ही घरी करताना काळे तीळ, मीठ आणि थोडं पाणी कढईत एकत्र घालतात. मीठ विरघळतं. मंद आचेवर पाणी आटेपर्यंत ढवळत राहायचं. पाणी संपत आलं की तीळ एकमेकांना चिकटतात, पुन्हा सुटे होतात, आणि बघता बघता दाण्यादाण्यावर मिठाचा पांढुरका थर बसतो. काळा दाणा करडा दिसायला लागला की उतरवायचं. नुसतं मीठ भातावर टाकलं तर एका घासात खारट आणि दुसऱ्यात अळणी लागतं. हे तीळ भाताला चिकटून बसतात, दाताखाली फुटतात आणि मीठ थोडं थोडं कळत जातं.

तो लालसर भात म्हणजे सेकिहान. चिकट जातीचा तांदूळ आझुकी नावाच्या लहान लाल कडधान्याबरोबर वाफवतात. आझुकी शिजवलेल्या पाण्याने त्याला रंग येतो. लाल रंगाने अरिष्ट दूर राहतं, ही तिकडची जुनी समजूत. घरात मूल जन्मलं, कुणी परीक्षा पास झालं, कुणाची साठी झाली की सेकिहान होतो. भात बहुधा अळणीच असतो, म्हणून वर गोमाशिओ. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर तर साखरेत मुरवलेले कडधान्याचे दाणे घालून गोड गुलाबी भात करतात आणि त्यावरही हेच खारे काळे तीळ भुरभुरतात. म्हणजे तुमच्या आजींनी जे आणलं ते आपल्या पेढ्यांच्या जागचं होतं. चिकट तांदूळ भिजवायचा, आझुकी वेगळी शिजवायची, पाणी गाळून ठेवायचं, मग वाफवायचं. पिकल्या वयात हा बराच खटाटोप आहे. तुमच्या मुलीसाठी त्यांनी तो केला.

आता सासूबाई. तुमचे यजमान अंधश्रद्धा म्हणून मोकळे झाले; मला ते पटलेलं नाही. काळे तीळ, दर्भ आणि पाणी हे पितरांचं साहित्य आहे. तर्पणात तेच लागतं, पिंडदानात तेच लागतं. आणि सासूबाईंच्या मनातली ही सीमारेषा त्यांनी स्वतः आखलेली नाही. लग्नामुंजीच्या आधी आपल्याकडे नांदीश्राद्ध करतात. तेही पितरांचंच स्मरण, पण मंगलकार्याच्या निमित्ताने केलेलं, म्हणून तिथे तिळांच्या जागी यव, म्हणजे जव, घेतात. पितर तेच, कर्म जवळपास तेच, पण शुभकार्य आलं की तीळ बाजूला. ज्या बाईने आयुष्यभर घरातली कार्यं निभावली, तिच्या डोळ्यांना बाळाच्या भातावर काळे तीळ खटकणारच. त्यांच्या जागी माझी आई असती तर तिलाही खटकले असते.

त्याच वेळी हेही पाहा की त्यांना काळ्या रंगाचं वावडं नाही. संक्रांतीला काळी साडी त्यांनी नेसली असेल. नातवंडांच्या बोरन्हाणाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून ओवाळलं असेल. कारळ्याची चटणी काळीकुट्ट असते, ती भाकरीबरोबर रोज खातात. तिळाचं तर विचारूच नका. संक्रांतीला तो अंगाला लावायचा, पाण्यात टाकून न्हायचं, होमात घालायचा, खायचा, वाटायचा. म्हणजे त्यांना काळा रंगही चालतो आणि तीळही चालतात. काळे तीळ, आणि तेही तान्ह्या मुलीच्या नावाने आलेले, एवढीच एक गोष्ट त्यांच्या जिवाला लागली. ती का लागली, याचं उत्तर तुम्ही स्वतःच पत्रात लिहिलं आहे आणि तुमच्या लक्षात आलेलं नाही.

सासरे जाऊन दीड वर्ष झालं. म्हणजे वर्षश्राद्ध होऊन सहा महिने. त्याआधी दहावा, तेरावा, मासिकं, पितृपक्ष. गेल्या दीड वर्षात सासूबाईंनी काळे तीळ पाहिले ते बहुतेक वेळा भटजींच्या समोर मांडलेल्या वाटीत, किंवा मुलाच्या ओंजळीतून पाण्याबरोबर ओघळताना. आणि तो मुलगा म्हणजे तुमचे यजमान. ज्यांनी वडिलांच्या नावाने तीळ-पाणी सोडलं, तेच आज आईला अंधश्रद्धाळू म्हणताहेत. त्यांच्या या घाईमागेही काही असेल. कर्ता मुलगा म्हणून तिकडे जाऊन विधी उरकायचे, चार दिवसांत विमानाने परतायचं, ऑफिसला लागायचं, पाठोपाठ बाळ. वडिलांचं जाणं त्यांच्या वाट्याला नीट आलंच नसेल. त्या डब्यावरून तुमच्या घरात जे झालं ते मला दुःखाचं वाटतं. तीळ निमित्त झाले.

म्हणून ‘सासूबाई की शेजारीण’ हा प्रश्नच मला तपासून पाहावासा वाटतो. या दोघींचं एकमेकींशी काही भांडण झालेलं नाही. आजींना माहीत नाही की सासूबाईंना काही खटकलं. सासूबाईंना माहीत नाही की तो भात कशासाठी करतात. मधल्या सगळ्या गोष्टी तुमच्याजवळ अडकल्या आहेत. तुम्ही भांडण टाळायला गेलात, हे मी समजू शकते. ओली बाळंतीण, रात्रीची जागरणं, परका देश, त्यात घरात ताण नको असं कुणालाही वाटेल. पण तुम्ही आजींना ‘छान झाला होता’ म्हणालात म्हणून त्या उत्साहाने पुन्हा करणार आहेत, आणि सासूबाईंशी काहीच बोलला नाहीत म्हणून त्या एकट्याच कुढताहेत.

आता तुमच्यापुढे काय काय वाटा आहेत ते पाहू. नवरा म्हणतो तसं दुर्लक्ष करून ताट होऊ द्यायचं, ही एक. तसं केलं तर विधी पार पडेल, फोटोही येतील, आणि सासूबाई कोपऱ्यात बसलेल्या असतील. नातीच्या पहिल्या घासाची ती आठवण त्या सोबत घेऊन जातील. मला हा मार्ग अजिबात नको वाटतो. दुसरी वाट, काहीतरी कारण सांगून आजींना थोपवायचं. बाळाला बरं नाही, आम्ही बाहेर जाणार आहोत वगैरे. एकदा चालून जाईल, पण शेजार रोजचा आहे, आणि परदेशात तान्हं मूल घेऊन राहणाऱ्या बाईने असा शेजार हातचा घालवू नये. तिसरी वाट, ताट होऊ द्यायचं पण काळे तीळ वगळायचे किंवा त्यांच्या जागी पांढरे घ्यायचे. ही मला बरी वाटते, पण ती सासूबाईंशी बोलण्याच्या आधी नको. तुम्ही परस्पर तीळ बदललेत तर त्यांना वाटेल, सुनेने गुपचूप सोय लावली. चौथी वाट, शंभराव्या दिवसाचं काही करायचंच नाही, सहाव्या-सातव्या महिन्यात आपलं उष्टावण करू. यातही गैर काही नाही. फक्त सासूबाई तोवर इथे नसतील.

मी तुमच्या जागी असते तर आधी सासूबाईंपाशी बसले असते, आणि बोलण्याची सुरुवात तिळांपासून केली नसती. बाळ झोपल्यावर, यजमान घरी नसताना, चहा घेऊन बसा. ‘आई, त्या दिवशी पुडी पाहून तुम्हाला बाबांची आठवण आली का हो?’ एवढंच विचारा. मग थांबा. त्या रडतील, किंवा ‘तसं काही नाही’ म्हणून विषय बदलतील, किंवा अनपेक्षितपणे खूप बोलतील. जे होईल ते होऊ द्या. जपानी लोकांत याचा अर्थ वेगळा आहे, हे त्याच बैठकीत समजावू नका. माहिती देण्याची वेळ वेगळी असते. दोन-तीन दिवसांनी, भाजी निवडताना वगैरे, आजींनी भात कशाला केला होता ते सांगा. सांगताना ‘तुमचं चुकलं’ असा सूर चुकूनही येऊ देऊ नका, कारण त्यांचं चुकलेलं नाही.

त्या गप्पांत एक गोष्ट जरूर सांगा. तोक्योच्या बाजूला कितीतरी घरांत सेकिहानमध्ये आझुकीऐवजी चवळीची एक जात घालतात. आझुकीची साल शिजताना मधोमध फाटते. जुन्या काळी इथल्या सामुराईंना ते पोट चिरून घेण्यासारखं वाटायचं, अशुभ वाटायचं, म्हणून त्यांनी कडधान्यच बदलून टाकलं. चवळीची साल फाटत नाही. शुभप्रसंगाच्या ताटात काय असावं आणि काय नसावं, याची काळजी त्यांच्याकडेही पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. सासूबाईंना हे ऐकून बरं वाटेल असा माझा अंदाज आहे. आपण एकटेच असं पाहतो असं नाही, हे कळलं की माणसाचा ताठा आपोआप सैल होतो.

मग त्यांना शंभराव्या दिवसाचं सांगा, कारण तिथे त्यांच्यासाठी काहीतरी आहे. या विधीला ओकुइझोमे म्हणतात. ताटात डोक्या-शेपटीसकट भाजलेला लालसर मासा, सेकिहान, सूप, शिजवलेल्या भाज्या, लोणचं असतं. बाळ प्रत्यक्षात काही खात नाही. प्रत्येक पदार्थ चॉपस्टिक्सने उचलून त्याच्या ओठांपाशी न्यायचा. ताटात एक गुळगुळीत लहान दगडही ठेवतात. चॉपस्टिकचं टोक त्या दगडाला टेकवून मग बाळाच्या हिरडीला हळूच लावायचं, दात दगडासारखे बळकट व्हावेत म्हणून. आणि घास भरवणारी व्यक्ती कोण? रीत अशी की घरातली वयाने सर्वांत मोठी व्यक्ती, मुलगा असेल तर पुरुष, मुलगी असेल तर स्त्री. तिचं दीर्घायुष्य बाळाला लाभावं, हा त्यामागचा हेतू.

तुम्हाला मुलगी आहे. म्हणजे हा मान सासूबाईंचा.

हे त्यांना सांगाल तेव्हा त्या कदाचित म्हणतील, ‘मी कशी पुढे होऊ?’ ते का म्हणतील हे तुम्हाला मी सांगायला नको. नवरा गेलेल्या बाईने शुभकार्यात मागे राहावं, ओटी भरताना हात लावू नये, हे त्यांनी इतरांच्या बाबतीत पाहिलं असणार आणि गेल्या दीड वर्षात स्वतःच्या बाबतीतही सोसलं असणार. त्यांच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने 2022च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं, हे त्यांना ठाऊक असेल. ठराव झाला म्हणून मनातला संकोच लगेच जात नाही. पण तोक्योतल्या त्या ताटाला एवढंच बघायचं असतं की ही बाई किती जगली, किती टिकली. कपाळावर कुंकू आहे की नाही हे तिथे कुणी विचारत नाही. तुम्ही हे शब्दांत मांडू नका. फक्त म्हणा, ‘आई, हा घास तुम्हीच भरवायचा, मला दुसरं कुणी नको.’ आणि हे यजमानांनीही स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं. आईला अंधश्रद्धाळू म्हटल्याची भरपाई त्यांना अशी करता येईल.

काळ्या तिळांचं काय करायचं ते मग सासूबाईंनाच ठरवू द्या. त्या ‘चालतील’ म्हणाल्या तर प्रश्न मिटला. ‘नकोत’ म्हणाल्या तर नकोत, आणि त्यावर वाद घालू नका. गोमाशिओ भातात शिजलेला नसतो, वरून घालायचा असतो. तो घातला नाही तर सेकिहानचं काही अडत नाही.

त्यानंतर आजींकडे जा. आधीच्या भाताचं काय झालं ते उकरून सांगायची गरज नाही. त्यांना दुखावून तुमचं मन हलकं होणार असेल तर तो सौदा बरा नाही. सांगायचं ते एवढंच: ‘आमच्याकडे काळे तीळ गेलेल्या माणसांच्या स्मरणासाठी वापरतात. माझे सासरे दीड वर्षापूर्वी गेले. सासूबाईंना त्यांची आठवण येते. तेव्हा ताटात पांढरे तीळ चालतील का?’ जपानी माणसाला यात काही विचित्र वाटेल असं मला वाटत नाही. जुन्या वळणाच्या कित्येक घरांत गेलेल्यांसाठी छोटा देव्हारा असतो, बुत्सुदान. ताज्या भाताचा पहिला वाडगा तिथे ठेवतात, घरात सेकिहान झाला तर तोही आधी तिथे ठेवतात. तुमच्या आजींचे यजमान हयात नसतील तर त्या स्वतःही हे करत असतील. कदाचित त्या दिवशीच्या तुमच्या डब्याआधीचा पहिला वाटा तिथेच गेला असेल. भाषा येत नसताना या दोन बायका एकमेकींना किती ओळखतील, याची मला उत्सुकता आहे. सासूबाईंना सोबत घेऊनच जा.

तो डबा रिकामा परत करू नका, हे काय सांगायचं? आपली ही रीत जपानीही पाळत आले आहेत. शेजाऱ्याचं भांडं परत देताना त्यात काहीतरी घालून द्यायचं. सासूबाईंना पांढऱ्या तिळाचे लाडू किंवा वड्या करायला सांगा. गूळ मिळत नसेल तर ओकिनावाची काळी साखर, कोकुतो, सुपरमार्केटात मिळते. ती उसाच्या रसाचीच असते आणि गुळाच्या बरीच जवळ जाते. पाक मात्र लवकर कडक होतो, तेव्हा आधी थोडासा करून पाहा.

पांढरा गोमाशिओही घरी करा, सासूबाईंच्या हाताने. कोरड्या कढईत आधी मीठ परतून घ्या, ओल जाईपर्यंत. ते काढून पांढरे तीळ मंद आचेवर भाजा. तडतडायला लागले आणि दोन बोटांत दाणा सहज चुरडला की बास. जास्त भाजले तर कडू होतात, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. गार झाल्यावर खलात किंवा सुरिबाचीत एकत्र भरडा. मिक्सर लावायचाच असेल तर थांबून थांबून, एकेका झटक्याने, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. वजनाने दहा भाग तिळाला एक भाग मीठ पुरतं. थोडाच करा. फुटलेल्या तिळाला महिन्याभरात खवट वास येऊ लागतो. भारतातून तीळ मागवायची गरज नाही, पण एक गंमत त्यांना सांगता येईल. जपानात खाल्ल्या जाणाऱ्या तिळांपैकी 99 टक्क्यांहून जास्त बाहेरून येतात. देशात पिकतात ते अगदी थोडे, आणि त्यातला मोठा वाटा कागोशिमा प्रांतातल्या किकाई बेटाचा. तिळाची लागवड मुळात सुरू झाली ती आपल्याच उपखंडात. हडप्प्याच्या उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत.

आता यजमानांच्या रक्तदाबाच्या मुद्द्याकडे येते. हा समज बऱ्याच वाचकांचा आहे म्हणून स्पष्ट लिहिते. गोमाशिओ रक्तदाबावरचं औषध नाही. त्यात मीठ आहे. अळणी भातावर नुसत्या मिठाच्या जागी तो घातला, तर थोड्या मिठात चव लागते आणि एकूण मीठ कमी होऊ शकतं. त्याचा फायदा एवढाच आणि तो खरा आहे. वर दिलेल्या प्रमाणात चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे 3 ग्रॅम गोमाशिओ घेतला, तर त्यात मीठ पाव ग्रॅमच्या थोडं वर जातं. पण आपल्या जेवणात आमटीत मीठ, भाजीत मीठ, कोशिंबिरीत, लोणच्यात, पापडात मीठ असतं. त्यावर गोमाशिओ भुरभुरला तर तो भरच घालणार. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. जपानच्या 2020च्या आहार-मार्गदर्शिकेत बायकांसाठी 6.5 आणि पुरुषांसाठी 7.5 ग्रॅमपेक्षा कमी म्हटलं आहे, आणि तेवढ्यात राहणंही तिथल्या लोकांना जड जातं. विकतच्या पाकिटांत मिठाचं प्रमाण घरच्यापेक्षा बरंच जास्त असू शकतं. पाकिटाच्या मागे पोषणमूल्यांच्या चौकटीत ‘शोकुएन सोतोर्यो’ या शब्दांपुढे मिठाचा आकडा ग्रॅममध्ये छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा. सासूबाईंच्या गोळ्या आणि पथ्य यांत या पुडीमुळे काडीचाही बदल करायचा नाही.

गोमाशिओला औषधाची प्रतिष्ठा कुठून आली, तेही सांगते. जॉर्ज ओसावा (1893 ते 1966) या जपानी प्रचारकाने मॅक्रोबायोटिक, म्हणजे मुख्यतः धान्य आणि भाज्यांवर बेतलेला आहार जगभर नेला, त्यात हातसडीचा तांदूळ आणि गोमाशिओ यांना फार वरचं स्थान होतं. 1960च्या दशकात अमेरिकेत त्याच्या टोकाच्या पायऱ्या पाळणारी, जवळपास फक्त भातावर राहणारी काही माणसं कुपोषणाने गंभीर आजारी पडली, काही दगावली. 1971 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याविरुद्ध इशारा दिला. आजच्या समाजमाध्यमांवरचे दावे त्याच जुन्या प्रचाराची पिल्लं आहेत. तिळात कॅल्शियम आहे हे खरं, सालासकटच्या 10 ग्रॅम तिळात साधारण 100 मिलिग्रॅम. पण सालातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे ते सगळं अंगी लागत नाही, आणि न चावलेला दाणा तर तसाच बाहेर पडतो. चवीसाठी खा. चव त्याला आहेच.

तुमच्यासारख्या अडचणीत असलेल्या इतर मैत्रिणींसाठीही दोन शब्द. परदेशात शेजाऱ्याने आणून दिलेल्या पदार्थात काहीतरी असं निघतंच, जे आपण खात नाही: माशाच्या अर्काचं सूप, जिलेटिनची मिठाई, एखादं मांस. त्या वेळी ‘छान होतं’ म्हणून सुटका करून घेतली की तोच पदार्थ फिरून दारात येतो. पहिल्याच वेळी, डबा हातात असतानाच, ‘हे कशाचं केलंय?’ असं कौतुकाने विचारलं तर नंतरचं पुष्कळ वाचतं. आणि घरातल्या थोरांना एखादी वस्तू खटकली, तर ती कधीपासून खटकते हे आधी विचारावं.

बाळाच्या बाबतीत मात्र कसलीही तडजोड नको. शंभराव्या दिवशी तिच्या तोंडात भाताचं शीत, तिळाचा दाणा, मीठ, काही जाता कामा नये. ओठांपाशी नेऊन परत, बस. वर्षाच्या आतल्या मुलाला वरून मीठ द्यायचं नसतं, अख्खा तीळ श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि काही मुलांना तिळाची ॲलर्जी असते. अमेरिकेत तर 2023पासून प्रमुख ॲलर्जनांच्या यादीत तीळ आले आहेत. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू होईल तेव्हा तीळ अगदी बारीक वाटून, कणभर, आणि बाळाला एक्झिमा असेल तर डॉक्टरांना विचारूनच. दगडाला टेकवलेली चॉपस्टिक स्वच्छ धुतलेली असू द्या, दगडही उकळून घ्या.

दिवसाची धावपळ करू नका. शंभरावा दिवस चुकला तर चालतं. एकशेदहाव्या किंवा एकशेविसाव्या दिवशीही हे करतात, आणि विसाने लांबवलं तर आयुष्य लांबतं असंही मानतात. सासूबाईंशी बोलणं एका बैठकीत होईल असं नाही, तेव्हा तेवढे दिवस हाताशी ठेवा. त्यांच्या व्हिसाची शेवटची तारीख पाहून त्याआधीचा एखादा रविवार ठरवा आणि आजींना आताच कळवा. तुमच्या घरी मासा चालत नसेल तर तेही त्याच वेळी सांगा, कारण ताटातला मोठा मासा लोक कोळ्याकडे आधी सांगून ठेवतात.